कार्बनचा हिशेब माणशी करा

मुंबईत अलीकडे वाहतुकीचे कोणतेही नवे साधन आले की त्याच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असते. यामुळे प्रदूषण घटेल, कार्बनचे उत्सर्जन कमी होईल. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, मार्च २०२४ मध्ये सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा खुला झाला, ऑक्टोबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५ या काळात भुयारी मेट्रो-३ टप्प्याटप्प्याने आरेपासून कफ परेडपर्यंत पोहोचली, आणि २०२५ मध्येच राज्य सरकारने विजेवर चालणाऱ्या बाईक टॅक्सीचे नियम काढले. मोबाईलवरून टॅक्सी बोलावण्याचा धंदा करणाऱ्या कंपन्या तर गेली दहा-बारा वर्षे आम्ही रस्त्यावरच्या गाड्या कमी करणार असे सांगत आल्या आहेत. ही सगळी साधने पर्यावरणाच्या नावाने आली. तेव्हा कार्बन खरोखर कमी होतो का, होत असेल तर कोणाचा, आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे आता विचारले पाहिजे.

दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. ९ मे २०२५ रोजी बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले आणि वातानुकूलित बसचे सहावरून बारा. म्हणजे सरळ दुप्पट. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, २२ ऑगस्ट २०२५ पासून, अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोल माफ झाला. या पुलावर साध्या मोटारीला एका फेरीचा २५० रुपये टोल ठरला होता. विजेच्या बसलाही ही माफी आहे, हे खरे. पण या पुलावर मोटारसायकल आणि रिक्षा यांना मुळात बंदीच आहे. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या मोटारींचा टोल काढून टाकला होता, आणि तिथे तर डिझेलची की विजेची हेही विचारले नाही. ज्याच्याकडे पंधरा-वीस लाखांची गाडी आहे त्याला पर्यावरणप्रेमी म्हणून सवलत आणि जो आयुष्यभर बसने व लोकलने फिरला त्याच्या तिकिटावर दुप्पट वाढ, असे हे हरित धोरण आहे.

आता हिशेब करू. हा हिशेब कोणालाही वहीच्या कागदावर करता येतो, त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही.

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, डिझेलचा हाच आकडा सुमारे २.७ किलो आहे. मुंबईच्या गर्दीत पेट्रोलची मोटार लिटरला बारा किलोमीटर चालली असे धरले तर एका किलोमीटरला १९० ग्रॅम झाले. गाडीत एकटाच साहेब बसला असेल तर हे सगळे १९० ग्रॅम त्याच्या खात्यावर. बेस्टची जुनी डिझेल बस लिटरला साडेतीन किलोमीटर धावते असे धरले तर किलोमीटरला सुमारे ७७० ग्रॅम होतात. आकडा मोटारीच्या चौपट दिसतो, आणि काळा धूर सोडणाऱ्या बसकडे बोट दाखवणाऱ्यांना तेवढाच दिसतो. पण त्या बसमध्ये चाळीस माणसे आहेत. माणशी पडले १९ ग्रॅम.

विजेची मोटार घ्या. तिला किलोमीटरला साधारण ०.१५ युनिट वीज लागते. आपल्या देशात एक युनिट वीज तयार होताना सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण ही वीज अजून मुख्यतः कोळशावरच होते. म्हणजे विजेच्या मोटारीचे किलोमीटरला १०५ ग्रॅम झाले. पेट्रोलच्या मोटारीपेक्षा कमी, यात वाद नाही. पण त्यात एकच माणूस असेल तर तो खचाखच भरलेल्या जुन्या डिझेल बसमधल्या माणसाच्या पाचपटीहून अधिक कार्बन सोडतो. टोल मात्र त्याला माफ! विजेची मोठी बस किलोमीटरला सव्वा युनिटच्या आसपास वीज घेते, ते जवळपास ९०० ग्रॅम झाले. म्हणजे आजच्या कोळशाच्या विजेवर डिझेल बस आणि विजेची बस यांत कार्बनचा फारसा फरकच नाही. शहरातला धूर जातो आणि आवाज कमी होतो, हा फायदा मोठा आहे आणि तो आम्हाला हवाच आहे. पण कार्बन खरा कमी होतो तो इंधन बदलल्याने जेवढा, त्याहून कितीतरी अधिक एका गाडीत चाळीस माणसे बसल्याने. एका गाडीत किती माणसे, हा प्रश्न या सगळ्या जाहिरातींतून गायब आहे.

गंमत अशी की हाच प्रश्न आपले सरकार जगाच्या व्यासपीठावर ठणकावून मांडते. हवामान बदलाच्या प्रत्येक परिषदेत भारताची भूमिका एकच असते, उत्सर्जन देशाचे मोजू नका, दरडोई मोजा. अमेरिकेच्या माणसामागे किती आणि आमच्या माणसामागे किती ते पाहा आणि मग आम्हाला उपदेश करा. ही भूमिका न्याय्य आहे. २०२१ मध्ये ग्लासगोला २०७० सालापर्यंत शून्य उत्सर्जनाचे वचन देतानाही देशाने ती सोडली नाही. मग हाच दरडोईचा नियम मुंबईच्या रस्त्याला का लावत नाही? नेपियन सी रोडच्या माणसामागे किती आणि गोवंडीच्या शिवाजीनगरच्या माणसामागे किती, हे मोजायला कोणी अडवले आहे? जगापुढे आपल्या गरिबांची डोकी मोजून दाखवायची आणि घरात मात्र त्याच डोक्यांवर भाडेवाढ लादायची, हा दुटप्पीपणा आहे. गरिबांच्या कमी कार्बनमुळे देशाची दरडोई सरासरी खाली राहते आणि त्या सरासरीच्या आडोशाला वरचा वर्ग आरामात बसतो.

या हिशेबाने आता नवी साधने एकेक करून तपासू. प्रथम मोबाईलवरच्या टॅक्सी. या कंपन्यांचे म्हणणे असे होते की लोक स्वतःची मोटार घेणे बंद करतील, एका गाडीत दोन-तीन प्रवासी जातील, आणि गाड्या घटतील. अमेरिकेत या दाव्याची तपासणी झाली. कॅलिफोर्निया राज्याच्या हवा मंडळाने २०१८ सालच्या फेऱ्यांचा हिशेब काढला तेव्हा दिसले की या गाड्या जेवढे अंतर धावतात त्यातले ३८ टक्क्यांहून जास्त अंतर प्रवाशाविना, रिकामेच धावतात. परिणाम असा की एका प्रवाशाला एक मैल नेण्यासाठी या गाड्या राज्यातल्या सर्वसाधारण मोटारींपेक्षा जवळपास दीडपट कार्बन सोडत होत्या. तेथील शास्त्रज्ञांच्या एका संघटनेने २०२० मध्ये आणखी पुढचा हिशेब केला. या टॅक्सी नसत्या तर त्याच लोकांनी जो प्रवास स्वतःच्या मोटारीने, बसने, रेल्वेने किंवा पायी केला असता, त्याच्या तुलनेत टॅक्सीची फेरी सरासरी ६९ टक्के जास्त उत्सर्जन करते. कारण टॅक्सीने फक्त मोटारवाला ओढला नाही, तिने बसमधला आणि पायी चालणाराही ओढला.

मुंबई म्हणजे कॅलिफोर्निया नव्हे, हे आम्हाला मान्य आहे. इथल्या भाड्याच्या गाड्या मोठ्या प्रमाणात सीएनजीवर चालतात. एक किलो सीएनजीमागे सुमारे पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि गाडी किलोला वीस किलोमीटर चालली तर किलोमीटरला १४० ग्रॅम होतात. त्यात एक तृतीयांश फेरी रिकामी धरा, प्रवासी एकटा धरा, की आकडा २०० च्या पुढे गेला. इथेही प्रश्न तोच येतो, त्या गाडीत बसलेला माणूस आधी कशाने जात होता? तिकडे तो बहुधा स्वतःच्या मोटारीतून आला होता. आपल्याकडे मोटार असणारेच मुळात थोडे. इथे तो बसच्या रांगेतून, स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षातून किंवा काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून उठून आला. काळी-पिवळी सोडली असेल तर कार्बनमध्ये फार फरक पडला नाही. बस सोडली असेल तर दहापट वाढला. एका गाडीत अनोळखी दोघा-तिघांना बसवण्याची सोय या कंपन्यांनी आणली होती आणि कार्बन वाचवणारा त्यांच्याकडचा प्रकार तेवढाच होता. २०२० साली कोरोनाच्या काळात तोच बंद झाला. कुर्ला स्टेशनबाहेर मात्र तीन माणसांची शेअर रिक्षा त्याआधी कित्येक वर्षे चालत होती. तिला कोणी नवा शोध म्हटले नाही, बेकायदा गर्दी मात्र म्हटले.

बाईक टॅक्सीचे गणित वेगळे आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. विजेची दुचाकी किलोमीटरला दोन-तीन शतांश युनिट वीज घेते, म्हणजे वीस ग्रॅमच्या आसपास कार्बन, रिकामी फेरी धरली तरी तीस. हा आकडा बसच्या तोडीचा आहे. सरकारने केवळ विजेच्या बाईकलाच परवानगी ठेवली हेही योग्य झाले. पण पहिल्या दीड किलोमीटरला १५ रुपये असे तिचे भाडे ठरले त्याच वर्षी बसचे भाडे दहा झाले, हे विसरता कामा नये. पाच आणि पंधरा यांत जी दरी होती ती दहा आणि पंधरामध्ये उरली नाही. स्टेशनपासून घरापर्यंतचा जवळचा प्रवासी, ज्याच्या जिवावर बेस्टचे छोटे मार्ग चालत होते, तो आता बस वेळेवर येत नाही म्हणून बाईकवर बसेल. बसमधून एक माणूस कमी झाला म्हणून बस कमी डिझेल जाळत नाही. ती तेवढेच जाळते, मग काही महिन्यांनी तो मार्ग तोट्यातला ठरवून बंद केला जातो.

मेट्रोबद्दल आमचा विरोध नाही. सार्वजनिक, विजेवर चालणारी, हजारो माणसे एका वेळी नेणारी गाडी आम्हाला नको असण्याचे कारण नाही. मुंबईला तर अशी गाडी नवीही नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची रेल्वेगाडी धावली. गिरणी कामगार, गोदी कामगार, सफाई कामगार यांनी शंभर वर्षे विजेच्या गाडीतून प्रवास केला, तेही लटकत, जीव धोक्यात घालून. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून माणसे मेली ती याच हरित वाहतुकीतून पडून मेली. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा आपला माणूस रेल्वेच्या जनरल डब्यातून येतो, दादरला उतरतो आणि तिथून पायी जातो. एवढ्या मोठ्या जनसमुदायाचा इतक्या कमी कार्बनमध्ये झालेला प्रवास दुसरीकडे क्वचितच असेल, पण त्याचे श्रेय कोणत्याही अहवालात नाही.

मेट्रोने कार्बन किती वाचवला हे शेवटी तिच्यात कोण बसले यावर ठरते. मोटार सोडून बसला तर वाचला, लोकल किंवा बस सोडून बसला तर जवळजवळ काहीच नाही. मेट्रो-३ साठी ३७ हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाले, ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत दोन हजारांवर झाडे रातोरात तोडली गेली, प्रजापूर पाड्यातले आदिवासी हलवले गेले. तिचे तिकीट १० ते ७० रुपये आहे आणि प्रवासी मूळ अंदाजापेक्षा फारच कमी आहेत. तिकीट महाग झाले की काय होते हे दिल्लीने दाखवले आहे. २०११ मध्ये त्याच दिल्ली मेट्रोला प्रवासी मोटारीकडून मेट्रोकडे वळवल्याबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या योजनेत कार्बन क्रेडिटची मान्यता मिळाली होती. २०१७ मध्ये एका वर्षात दोनदा भाडेवाढ झाली आणि ऑक्टोबरच्या वाढीनंतर रोजचे जवळपास तीन लाख प्रवासी घटले. तिकिटाचा दर हेच कार्बनचे सर्वात मोठे धोरण आहे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. उलट अनुभवही मुंबईतच आहे. जुलै २०१९ मध्ये बेस्टचे किमान भाडे पाच रुपयांवर आणले तेव्हा काही महिन्यांतच प्रवासी लाखांनी वाढले होते.

सागरी किनारा मार्गाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. साडेदहा किलोमीटरचा रस्ता, सुमारे १४ हजार कोटी रुपये, दुचाकीला बंदी, तीनचाकीला बंदी. मोटारी थांबणार नाहीत म्हणून इंधन वाचेल, असे महापालिका सांगते. नवा रिकामा रस्ता मिळाला की नव्या मोटारी येतात आणि काही वर्षांत तोही भरतो, हा जगभरचा अनुभव आहे. याच महापालिकेने २०२५-२६ च्या ७४ हजार कोटींच्या अर्थसंकल्पात बेस्टला किती दिले? एक हजार कोटी.

आणि आता बेस्टकडे वळू, कारण खरा घाव तिथे आहे. २०१० च्या सुमारास बेस्टकडे साडेचार हजारांहून जास्त बस होत्या. २०१९ मध्ये कामगार संघटनेशी झालेल्या करारात स्वमालकीच्या ३,३३७ बस कायम ठेवण्याचे ठरले. २०२५ उजाडले तेव्हा स्वमालकीच्या बस हजाराच्याही खाली गेल्या होत्या. बाकी सगळे भाडेतत्त्वावर, ज्याला वेट लीज म्हणतात. बस ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, फक्त रंग आणि नाव बेस्टचे. विजेची बस आली ती याच मार्गाने आली. पर्यावरणाचे नाव पुढे आणि खाजगीकरण मागून, असा हा प्रवेश आहे.

यात आमच्या समाजाचे काय गेले ते स्पष्ट बोलले पाहिजे. बेस्ट हा महापालिकेचा उपक्रम. तिथल्या कायम पदांना आरक्षण लागू होते. चालक, वाहक, आगारातला फिटर, या पगारांवर मुंबईच्या चाळी आणि झोपडपट्ट्यांतली कितीतरी घरे उभी राहिली, मुले शिकली, चळवळीला वर्गणी मिळाली. ठेकेदाराच्या नोकरीला आरक्षण नाही, कायमपणा नाही, निवृत्तीवेतन नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये याच ठेक्यावरच्या चालकांनी आठवडाभर संप केला तो पगारवाढीसाठी आणि बेस्टचे कामगार म्हणून सवलती मिळाव्यात म्हणून. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात भाडेतत्त्वावरची विजेची बस गर्दीत घुसून अनेकांचे प्राण गेले, तेव्हा चालकाला या बसचे पुरेसे प्रशिक्षण मिळाले होते का, हा प्रश्न साऱ्या शहराने विचारला. मोबाईल टॅक्सीच्या चालकाची गत याहून वेगळी नाही. गाडी त्याच्या कर्जाची, डिझेल-गॅस त्याच्या खिशातला, रिकाम्या फेरीचा तोटा त्याचा, कमिशन कंपनीचे. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये मंजूर झाली आणि लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. त्यात कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांसाठी द्यायची आहे. आरक्षणाचा तर तिथे विषयच नाही.

शहरातला धूर कमी झाला तो गेला कुठे, हेही पाहा. राज्याच्या विजेचा मोठा वाटा चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा या औष्णिक केंद्रांतून येतो. एकट्या चंद्रपूरची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. तिथली राख श्वासात घेणारा माणूस अटल सेतूवर कधी येणार नाही. मुंबईतच माहुलला तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी प्रकल्पग्रस्तांना नेऊन टाकले होते, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले की लोकांना तिथे राहायला भाग पाडू नका. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूर मंत्री होते, विजेचा विषय त्यांच्या खात्यात होता. वीज स्वस्त हवी, मुबलक हवी आणि सार्वजनिक मालकीची हवी, ही त्यांची भूमिका होती. विजेच्या वाहनाचा विचार आपण याच भूमिकेतून केला पाहिजे. वीज कोणाच्या अंगणात तयार होते आणि कोणाच्या गाडीत जळते, हे विचारल्याशिवाय विजेच्या गाडीचे स्वागत पुरे होत नाही.

मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा काढला. शहराच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे २० टक्के असल्याचे आणि २०५० पर्यंत शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट असल्याचे त्यात म्हटले आहे. हा आराखडा खरा मानायचा तर त्याची पहिली कसोटी बसथांब्यावर लागते. भाडे पाच रुपयांवर परत आणणे, स्वमालकीच्या बस वाढवणे, त्या बसवर कायम आणि आरक्षणासह भरती करणे, मोठ्या रस्त्यांवर बसला वेगळी मार्गिका देणे आणि त्यासाठीचा पैसा मोटारींकडून, म्हणजे टोल आणि पार्किंगच्या शुल्कातून घेणे, ही मागणी आपल्या कार्यकर्त्यांनी प्रभागाप्रभागात लावून धरण्याजोगी आहे. मोटारवाले आरडाओरडा करतील, वर्तमानपत्रांत त्यांची पत्रे छापून येतील. पुण्यात २००६ साली देशातला पहिला बीआरटी मार्ग सुरू झाला आणि पुढे याच आरड्याओरड्यात तुकड्यातुकड्याने उखडला गेला, हे लक्षात ठेवूनच उतरावे लागेल.

सुरुवात छोटी करता येईल. मानखुर्द, गोवंडी, चेंबूर, विक्रोळी, मालवणी, जिथे आपली वस्ती आहे तिथल्या आगारातून २०१० साली कोणत्या मार्गावर किती बस सुटत होत्या आणि आज किती सुटतात, त्यांपैकी बेस्टच्या किती आणि ठेकेदाराच्या किती, बंद केलेले मार्ग कोणते आणि का, या चार प्रश्नांचा अर्ज माहितीच्या अधिकारात टाकायचा. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे, बसच्या नव्या किमान भाड्याएवढे.